ओंडक्यावरचे घाव

सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ साली दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ हा छोटा हिंदी चित्रपट केला. लेकीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला गेलेला दुखी (ओम पुरी) उपाशीपोटी पंडिताचा ओंडका फोडता फोडता मरतो. प्रेताला हात लागू नये म्हणून पंडित (मोहन आगाशे) पायाला दोरी अडकवून ते ओढत नेतो.

आपले काही कार्यकर्ते विचारतात, दुखी बंड का करीत नाही? मला हा आक्षेप पटत नाही. त्याचे शेवटचे घाव पाहा, ते नुसत्या लाकडावरचे नाहीत. मात्र मुहूर्त त्याच पंडिताकडून हवा, ही गाठ कुऱ्हाडीने फुटत नाही. मुलांना जवळ बसवून पाहा. झुरिया (स्मिता पाटील) पावसात पंडिताच्या दाराशी आक्रोश करते, तो प्रसंग मला अजून पुरता पाहवत नाही.