बंद खोलीतल्या शेतीला किती टनाचा एसी?

बंद खोलीत एलईडी दिव्यांखाली लेट्यूस पिकवायचे, तर एसी चौरस फुटांवर ठरवू नये. हिशेब वॅटवर मांडावा. दिव्यांनी ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

समजा, २४०० वॅटचे दिवे, ६०० वॅटचा डीह्युमिडिफायर आणि २०० वॅटचे पंखे आहेत. एकूण ३.२ किलोवॅट. एक टनाचा एसी ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. पुरेल असे वाटते, पण मे महिन्यात तापलेल्या स्लॅबची उष्णता यात धरलेलीच नाही! इथे दीड टनाचा इन्व्हर्टर एसीच घ्यावा.

फार मोठाही नको. खोली झटपट गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि पानांनी सोडलेली वाफ हवेतच राहते; मग बुरशी आलीच. दिवे मालवल्यावरही हाच धोका असतो, म्हणून डीह्युमिडिफायरवर काटकसर करू नये.