हवा कमी ठेवली म्हणून टायर वाचत नाही

मार्च संपत आला की करावे-नेरूळच्या पंक्चरवाल्यापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत एक सल्ला हमखास ऐकू येतो: पुण्याला किंवा समृद्धीने जाताय ना, मग हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, सिमेंटच्या रस्त्यावर टायर तापतो, हवा फुगते आणि टायर फुटतो. यातलं अर्धं खरं आहे, म्हणून उरलेलं अर्धंही खपून जातं. तापल्यावर दाब वाढतो, कबूल. पण किती, हा हिशेब कोणी करत नाही. 27 अंशांना 32 पीएसआय भरलेला टायर आतून 57 अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण 37 होतो. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कमाल दाब छापलेला असतो, कारच्या टायरवर बहुतेकदा 44 किंवा 51. टायरचा जीव घेते ती कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते नि सुटते. ताशी 100 च्या वेगाला हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होतं. या दबण्या-सुटण्यातून रबर आतूनच तापतं, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि टायर फाटतो. मग दोष जातो उन्हाला!

शंका असेल त्यांनी अमेरिकेतलं फायरस्टोन प्रकरण वाचावं. 2000 साली तिथे सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. टायरच्या बनावटीत दोष होताच, पण फोर्डने एक्सप्लोरर गाडीसाठी अवघा 26 पीएसआय दाब सुचवला होता, हाही वादाचा मोठा मुद्दा ठरला. त्यानंतरच्या कायद्याने तिथल्या नव्या गाड्यांत, हवा कमी झाल्यावर इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. जास्त झाल्यावर नव्हे, कमी झाल्यावर.

‘दारावरच्या स्टिकरचा आकडा आपल्या उन्हाळ्यासाठी नसतो’ हा आक्षेपही टिकत नाही. तो थंड टायरचा आकडा असतो. पुढची वाढ गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो. घोटाळा होतो तो इथे: करावे सोडून पामबीचने बेलापूर करत कळंबोलीच्या पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम झालेला असतो, गेज 35-36 दाखवतो आणि ‘जास्त आहे’ म्हणत हवा सोडून काटा 32 वर आणला जातो. तोच टायर थंड झाला की 28-29 वर येतो. याचा अर्थ मुद्दाम जादा हवा ठासावी असाही नाही. त्याने टायर मधोमध झिजतो आणि पकड कमी होते.

नायट्रोजनने दाब वाढत नाही, हेही खोटं; साध्या हवेत तो 78 टक्के असतोच आणि तापल्यावर तोही तितकाच फुगतो. रुंद टायर पावसात जास्त धरतो म्हणतात, पण साचलेल्या पाण्यावर तो उलट लवकर तरंगतो. पॉलिशने आयुष्य वाढत नाही, फक्त चमक येते. नक्षी शाबूत आहे म्हणून जुना टायर चालतो असंही नाही: बाजूवरचे चार आकडे पाहा, 2319 म्हणजे टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

तेव्हा हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा किंवा घराजवळच्याच पंपावर भरा. आणि स्टेपनीचीही.