हेतूची पारख : वेंडेल विल्की यांची निवडणूक

जो मनुष्य कधीं कोणत्याहि अधिकारपदावर बसला नाहीं, तो एकाएकीं राष्ट्राच्या सर्वोच्च पदासाठीं उभा राहिला, तर त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारानें ठेवावा? मुरलेल्या राजकारणी पुरुषाचीं जुनीं भाषणें आणि विधिमंडळांत त्यानें दिलेलीं मतें लोकांपुढें चोपडीप्रमाणें उघडीं असतात. बाहेरून आलेल्याची चोपडी मात्र कोरी असते. तिच्यावर मित्र एक लिहितात, विरोधक दुसरें लिहितात. अमेरिकेंत १९४० सालीं वेंडेल विल्की यांच्या बाबतींत असेंच घडलें.

विल्की यांचा जन्म १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील एल्वुड या लहानशा गांवीं झाला. आई आणि वडील दोघेंहि वकील होतीं. विल्कीहि वकील झाले, आणि १९३३ मध्यें कॉमनवेल्थ अँड सदर्न या वीज पुरविणाऱ्या मोठ्या कंपनीचे प्रमुख झाले. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनें टेनेसी नदीच्या खोऱ्यांत धरणें बांधून वीज निर्माण करण्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें, आणि सरकार व कंपनी यांच्यांत जुंपली. न्यायालयांत कंपनी हरली. तरीहि १९३९ मध्यें विल्की यांनीं टेनेसींतील आपला धंदा सरकारी मंडळाला सुमारें ७ कोटि ८६ लक्ष डॉलरांस विकला. सरकारशीं झुंज घेणारा पुरुष म्हणून त्यांचें नांव देशभर झालें.

जून १९४० मध्यें रिपब्लिकन पक्षाचें अधिवेशन फिलाडेल्फिया येथें भरलें. त्याच्या दोनच दिवस आधीं फ्रान्सनें हिटलरशीं तहकुबीचा करार केला होता. पहिल्या फेरींत थॉमस ड्यूई यांस ३६० मतें पडलीं, विल्की यांस अवघीं १०५. परंतु प्रेक्षकांच्या सज्जांतून त्यांच्या नांवाचा घोष सारखा चालू होता, आणि सहाव्या फेरींत उमेदवारी त्यांच्या पदरांत पडली.

तेथूनच त्यांच्या हेतूविषयीं वाद माजला. उमेदवारीच्या एक वर्ष आधीं ते रिपब्लिकनहि नव्हते. १९३२ मध्यें तर त्यांनीं रूझवेल्ट यांनाच मत दिलें होतें. त्यांच्याच संस्थानांतील जुने सेनेटर वॉट्सन यांच्या टीकेचा भावार्थ आपल्याकडील भाषेंत असा सांगतां येईल, कीं पश्चात्ताप झालेल्यास देवळांत जागा द्यावी, पण पहिल्याच रात्रीं त्याच्या हातीं वीणा देऊं नये. रूझवेल्ट यांचे मंत्री हॅरॉल्ड इक्स यांनीं तर त्यांस वॉल स्ट्रीटचे ‘साधेभोळे अनवाणी वकील’ म्हणून हिणविलें. हा धनिकांनीं उभा केलेला बाहुला आहे, असें एक पक्ष म्हणे. सामान्य जनतेनें पक्षश्रेष्ठींस झुगारून निवडलेला हा माणूस आहे, असें दुसरा म्हणे. दोन्ही बाजूंस आधार होता. मोठ्या नियतकालिकांचे चालक त्यांच्या पाठीशीं होते हें खरें. आणि गांवोगांवीं त्यांच्या नांवानें मंडळें निघालीं, हेंहि खरें.

अशा वेळीं मतदारानें काय करावें? दुसऱ्याच्या मनांत कोणालाहि डोकावतां येत नाहीं. परंतु स्वतःच्या फायद्याच्या उलट दिशेनें तो कधीं चालला होता काय, हें तपासतां येतें. विल्की यांच्या बाबतींत अशा दोन गोष्टी मतदानापूर्वींच दिसत होत्या. ओहायोंतील अॅक्रन शहरीं वकिली करीत असतां, कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा जोर असलेल्या काळांत, त्यांनीं तिला उघड विरोध केला होता. दुसरी गोष्ट ऐन निवडणुकींतील. ऑगस्ट १९४० मध्यें एल्वुड येथील भाषणांत त्यांनीं सक्तीच्या लष्करभरतीस पाठिंबा दिला. काँग्रेसमधील त्यांच्याच पक्षाचे बहुसंख्य सभासद त्या कायद्याच्या विरुद्ध होते. रूझवेल्ट यांच्यावर उगारतां आलें असतें असें एक धारदार शस्त्र त्यांनीं आपण होऊन खालीं ठेवलें.

पण चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. ऑक्टोबरांत पराभवाचीं चिन्हें दिसूं लागतांच त्यांचा सूर पालटला. रूझवेल्ट पुन्हां निवडून आले, तर अमेरिकन तरुणांस लवकरच युद्धावर जावें लागेल, अशी भीति ते मतदारांस घालूं लागले. तरीहि नोव्हेंबरांत त्यांस सुमारें २ कोटि २३ लक्ष मतें मिळालीं, रूझवेल्ट यांस २ कोटि ७३ लक्ष. आणि निर्वाचक मतांत तर ८२ विरुद्ध ४४९ असा पराभव झाला.

पुढें फेब्रुवारी १९४१ मध्यें, नुकतेच इंग्लंडहून परतलेले विल्की, ब्रिटनला उसनवार युद्धसाहित्य देण्याच्या रूझवेल्ट यांच्या विधेयकास पाठिंबा देण्यासाठीं सेनेटच्या समितीपुढें उभे राहिले. सेनेटर नाय यांनीं त्यांस ऑक्टोबरांतील भाषणांची आठवण दिली. तें प्रचाराच्या भरांतील बोलणें होतें, अशा अर्थाची कबुली विल्की यांनीं दिली. विरोधकांस आयतेंच हत्यार मिळालें. परंतु या कबुलीनें नेमकें काय सिद्ध होतें? ब्रिटनला साहाय्य करावें हें त्यांचें मत निवडणुकीपूर्वींहि होतें आणि नंतरहि राहिलें. पदाच्या लोभानें कांहीं आठवडे वाणी वांकली, मत वांकलें नाहीं. मत आणि हेतु या दोन वेगळ्या वस्तु आहेत. मत प्रामाणिक असूनहि हेतूंत महत्त्वाकांक्षेची भेसळ असूं शकते. दोन्ही एकच समजल्यामुळें लोक एक तर माणसाला देव करतात, नाहीं तर लबाड ठरवितात.

त्यांचें पुढील वर्तन भारतीय वाचकांस विशेष जवळचें वाटेल. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि लगेच नेते गजाआड गेले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस विल्की विमानानें जगप्रवासास निघाले. ४९ दिवसांच्या त्या प्रवासांत हिंदुस्थान नव्हता. पण आशियांत जागोजाग त्यांस हिंदुस्थानविषयीं प्रश्न विचारला गेला. परतल्यावर रेडिओवरील भाषणांत, आणि १९४३ मधील ‘वन वर्ल्ड’ या ग्रंथांत, त्यांनीं तो प्रश्न अमेरिकन जनतेपुढें ठेवला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल अमेरिका गप्प राहिली तर आशियांत तिचीच पत जाईल, असें त्यांचें सांगणें होतें. ब्रिटन युद्धांतील मित्र असतां हें बोलण्यांत मतांचा लाभ नव्हता. त्याच सुमारास श्नायडरमन या कम्युनिस्टाचें नागरिकत्व वांचविण्यासाठीं ते सर्वोच्च न्यायालयांत फी न घेतां लढले आणि १९४३ मध्यें जिंकले. धनिकांचा बाहुला अशा वाटेला सहसा जात नाहीं.

या साऱ्याची किंमत त्यांस मोजावी लागली. एप्रिल १९४४ मध्यें विस्कॉन्सिनच्या प्राथमिक निवडणुकींत त्यांचा एकहि प्रतिनिधि निवडून आला नाहीं, आणि ते उमेदवारीच्या स्पर्धेंतून बाजूस झाले. त्याच वर्षीं ८ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, ते निवर्तले.

मतदारास मात्र असा शेवटपर्यंत थांबण्याचा अवकाश नसतो. त्याला निवाडा आधींच करावा लागतो. म्हणून नवख्या उमेदवाराच्या टाळ्यांच्या वाक्यांकडे पाहण्यापेक्षां, टाळ्या गमावून त्यानें काय म्हटलें, हें शोधावें. तसें एकहि वाक्य सांपडलें नाहीं, तर सावध राहावें. सांपडलें, तर त्याच्या चुका विसरूं नयेत. पण त्या चुकांवरूनच सारा माणूस मोजूंहि नये.