क्लासिक मोटारगाड्यांच्या स्टिअरिंग कॉलममधील विद्युत दोष

जुन्या मोटारगाड्यांमध्ये स्टिअरिंग चाकाखालच्या कॉलमवर बसवलेले स्विच, त्यांचे जोड आणि तारा यांत निर्माण होणाऱ्या बिघाडांना स्टिअरिंग कॉलममधील विद्युत दोष म्हणतात. हॉर्न न वाजणे किंवा आपोआप वाजत राहणे, इंडिकेटर न लुकलुकणे, हेडलाइट मंद होणे व चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडणे ही त्यांची नेहमीची लक्षणे होत. अशा बिघाडांचे मूळ बहुधा हॉर्न किंवा दिवा या उपकरणात नसून झिजलेल्या वा गंजलेल्या जोडात असते. म्हणून सुटा भाग बदलण्यापूर्वी विद्युतधारेचा मार्ग क्रमाक्रमाने तपासणे आवश्यक ठरते. पुढील वर्णन मुख्यतः १९५० ते १९७० या दशकांतील ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांना लागू आहे.

रचना

कॉलमवर सामान्यतः इंडिकेटरचा दांडा, हेडलाइटचा डिपर, हॉर्नचे बटण आणि नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंग लॉकसह इग्निशन स्विच असतो. चाक फिरते, परंतु तारा फिरू शकत नाहीत. त्यामुळे हॉर्नच्या बटणापर्यंत जोडणी नेण्यासाठी धातूचे कडे व त्यावर घासणारा स्प्रिंगचा संपर्क वापरतात. अनेक गाड्यांत हॉर्नला वीज आधीच मिळालेली असते आणि बटण दाबल्यावर केवळ अर्थिंगची बाजू पूर्ण होते. हे अर्थिंग काही गाड्यांत कॉलमच्या दांड्यातूनच मिळते. दांड्याच्या खालच्या टोकाला रबरी जोड असल्यास तो विद्युतरोधक ठरतो, म्हणून त्याला वळसा घालून एक छोटी तार जोडलेली असते. स्टिअरिंगच्या दुरुस्तीनंतर ही तार परत जोडली गेली नाही, तर उत्तम स्थितीतील हॉर्नही वाजत नाही.

तारांचे रंग

लुकास कंपनीची विद्युत सामग्री असलेल्या ब्रिटिश गाड्यांत तारांच्या रंगांचा ठराविक संकेत आढळतो.

- तपकिरी : बॅटरीकडून सतत येणारा पुरवठा, बहुधा फ्यूजविना
- जांभळा : फ्यूजमधून येणारा सततचा पुरवठा
- पांढरा : इग्निशन चालू केल्यावर मिळणारा पुरवठा
- हिरवा : इग्निशन चालू असताना फ्यूजमधून मिळणारा पुरवठा
- हिरव्यावर लाल रेघ : डावा इंडिकेटर
- हिरव्यावर पांढरी रेघ : उजवा इंडिकेटर
- निळा : हेडलाइट
- काळा : अर्थिंग

अनेक दशकांनंतर हे रंग फिके पडतात, तसेच पूर्वीच्या दुरुस्तीत भलत्याच रंगाची तार जोडलेली असू शकते. त्यामुळे केवळ रंगावर विसंबून निष्कर्ष काढता येत नाही.

दोषांची कारणे

संपर्कबिंदूवरील वाढलेला रोध हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. ज्या गाड्यांत रिले नसतो, त्यांत हेडलाइटची संपूर्ण विद्युतधारा स्विचमधूनच जाते. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॉटचे दोन दिवे मिळून १० अँपिअर विद्युतधारा घेतात. संपर्काचा रोध केवळ ०.१ ओहम झाला, तरी तेथे १ व्होल्ट वाया जातो आणि लहानशा बिंदूवर १० वॉट उष्णता निर्माण होते. दिवे मंदावतात, प्लॅस्टिक मऊ पडते, संपर्क आणखी सैल होतो आणि उष्णता वाढतच जाते. मूळ बल्बच्या जागी अधिक वॉटचे बल्ब लावल्यास ही प्रक्रिया वेग घेते.

इग्निशन स्विचमधील संपर्क झिजल्यास किल्ली फिरवून धरलेली असेपर्यंत इंजिन चालते व किल्ली सोडताच बंद पडते. कधी जड जुडग्याच्या झोक्यानेही ते बंद पडते. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद न होणे हा मात्र विद्युत दोष नव्हे; दांड्यावरील कॅम किंवा त्याला अडणारा प्लॅस्टिकचा भाग झिजल्याचे ते लक्षण असते. कॉलममधील तारांचे आवरण धातूच्या कडेवर घासून निघाल्यास शॉर्टसर्किट होते.

निदानाचा क्रम

१. बॅटरी व तिची टर्मिनले तपासावीत. पूर्ण भारित व स्थिर अवस्थेत १२ व्होल्टच्या बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट असते.

२. फ्यूज काढून त्याची टोके व पकडी स्वच्छ कराव्यात. अखंड दिसणारा फ्यूजही गंजलेल्या पकडीमुळे निरुपयोगी ठरतो.

३. दोष कॉलममध्ये आहे की बाहेर, हे ठरवावे. हॉर्नचे बटण अर्थिंगच्या बाजूस असल्यास, बटणाकडे जाणारी तार कॉलमच्या तळाशी सोडवून गाडीच्या धातूच्या सांगाड्याला टेकवावी. हॉर्न वाजला, तर हॉर्न, फ्यूज व तिथवरची तार निर्दोष असून बिघाड वरच्या भागात आहे.

४. इंडिकेटर लुकलुकत नसल्यास बल्ब, त्यांचे अर्थिंग व फ्लॅशर आधी पाहावेत. जुना औष्णिक फ्लॅशर ठरावीक विद्युतधारेवर चालतो. एक बल्ब गेला किंवा एलईडी बल्ब लावले, तरी त्याची गती बदलते अथवा तो थांबतो.

५. भार चालू ठेवून मापन करावे. एकाच धाग्यावर तगलेली तारही मल्टीमीटरवर १२ व्होल्ट दाखवते, परंतु दिवा पेटवू शकत नाही. स्विच चालू असताना त्याच्या दोन टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टहून अधिक विभवांतर आढळल्यास संपर्क सदोष समजावा.

६. गाडी उभी असताना चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. दोष विशिष्ट स्थितीतच दिसत असल्यास कडे, संपर्क किंवा घासणारी तार यांचा संशय घ्यावा.

सुरक्षितता

कॉलमचे आवरण उघडण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढणे अनिवार्य आहे. तपकिरी तारेला फ्यूज नसल्याने स्क्रूड्रायव्हरच्या एका स्पर्शानेही वायरिंगची संपूर्ण जुडी जळू शकते. वारंवार जाणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा साधी तार लावल्यास दोष तसाच राहतो व आग लागण्याचा धोका वाढतो. हेडलाइटसाठी रिले बसवल्यास स्विचवरील भार पुष्कळ कमी होतो.

अपघातात दबणारे कॉलम जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांपासून वापरात आणले. अशा कॉलमवर हातोडी मारल्यास तो कायमचा निकामी होऊ शकतो. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. एमजीबी या गाडीत १९६७ मध्ये ही पद्धत बदलली. जोडणी उलटी केल्यास रेडिओसारखी इलेक्ट्रॉनिक साधने बिघडतात.

भारतातील गाड्या

मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित हिंदुस्तान ॲम्बेसेडर आणि ट्रायम्फ हेराल्डवर आधारित स्टँडर्ड हेराल्ड या भारतात तयार झालेल्या गाड्यांचे मूळ ब्रिटिश आहे. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी मात्र इटलीच्या फियाट ११०० वर आधारित होती. तिच्या तारांना लुकासचा रंगसंकेत गृहीत धरता येत नाही. पद्मिनीत गिअरचा दांडाही कॉलमवर असल्याने तेथील जागा अधिक दाटीची असते. कोकण किनाऱ्यावरील खारट व दमट हवेत तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर लवकर चढतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर हे जोड स्वच्छ करणे हितावह ठरते.