विद्येची तरतूद : करवीर ते पवई

इ. स. १८९६ मध्ये करवीर (कोल्हापूर) दरबाराने राजाराम कॉलेजात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ते सर्व जातींना खुले होते, त्याच्या खर्चाची तरतूद खजिन्यातून होती. तथापि थोड्याच वर्षांत तेथे एकाच वर्गाचे विद्यार्थी उरले, आणि ज्या शेतकरी व मागास समाजांना उच्च शिक्षणाच्या पंक्तीत बसवावे अशी राजर्षी शाहू महाराजांची तळमळ होती, त्यांची मुले उंबरठ्याबाहेरच राहिली. तेव्हा महाराजांनी मार्ग बदलला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह अशी संस्थांची मालिकाच कोल्हापुरात उभी राहिली. दरबाराने जागा व अनुदाने द्यावीत आणि कारभाराचा भार त्या त्या समाजातील जाणत्या मंडळींनी वाहावा, अशी ही व्यवस्था होती. यांपैकी जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. दरबारी अनुदानाचे असे व्याज कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत मांडता येणार नाही.

विकसनशील देशांतील विद्यापीठांना श्रीमंत देशांच्या साहाय्याने समर्थ करण्याच्या योजनांचा विचार करताना करवीरचा हा दाखला मला नेहमी मोलाचा वाटतो. कारण देणाऱ्याचा हात कितीही सढळ असला, तरी घेणाऱ्याने आपल्या अंगावर काय घेतले, यावरच अशा योजनांचे भवितव्य ठरते.

पवईचे उदाहरण पाहावे. १९५८ साली तेथे मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था (आय.आय.टी.) सुरू झाली, तेव्हा युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची यंत्रसामग्री आली, ५९ तज्ज्ञ व १४ तंत्रज्ञ आले, आणि भारतीय अध्यापकांना रशियात जाऊन शिक्षण घेण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. इमारतींचा आणि दरसालच्या चालू खर्चाचा बोजा मात्र भारत सरकारने उचलला. माझ्या मते या साऱ्या हिशेबात २७ हा आकडा सर्वांत मोठा आहे. यंत्रे जुनी होतात, पाहुणे तज्ज्ञ मुदत संपताच स्वदेशी परततात. परंतु बाहेर शिकून आलेला अध्यापक वर्षानुवर्षे शिकवीत राहतो आणि आपल्या हाताखाली दुसरे अध्यापक तयार करतो.

कृषिशिक्षणातही हेच सूत्र होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राहुरीस कृषी विद्यापीठ झाले, आणि अमेरिकी सरकारच्या साहाय्याने त्याची सांगड पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठाशी घालण्यात आली. ते विद्यापीठ आधीच स्थापन झालेले असले, तरी १८६२ च्या अमेरिकी कायद्याच्या आधारावर वाढलेले; सरकारी जमिनीच्या विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये चालावीत, असा तो कायदा. अध्यापन, संशोधन आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाणारा विस्तार ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली करण्याची त्यांची पद्धती आपल्याकडे आली, आणि कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय आज याच राहुरीच्या विद्यापीठाचा भाग आहे.

त्याच कोल्हापुरात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या पदरी ३४ महाविद्यालये होती. डॉ. आप्पासाहेब पवार यांच्यासारखा इतिहासज्ञ पहिला कुलगुरू म्हणून लाभला आणि माळावर विद्यापीठ उभे राहिले. ही महाविद्यालये ज्या भूमीत रुजली, ती बोर्डिंगांनी आणि रयतेच्या वर्गणीने कसलेली भूमी होती.

आज परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार होतात, छायाचित्रे छापून येतात, आणि त्याच वेळी महाराष्ट्रातील विद्यापीठांत अध्यापकांच्या कितीतरी जागा रिक्त असतात. परदेशाहून शिकून येणाऱ्या तरुणाला बसायला कायमची खुर्ची नसेल, तर तो परत का यावा? म्हणून सरकारास आणि विद्यापीठांच्या चालकांस माझी विनंती आहे की, कोणत्याही नव्या करारावर सही करण्यापूर्वी त्या विषयाच्या अध्यापकांच्या जागा आपल्या खजिन्यातून मंजूर कराव्यात व भराव्यात.