कूस आणि खांदा

कुणी विहिरीच्या कामावर पडलेला, कुणी लिंबावरून, कुणाला दुचाकीच्या अपघाताने खाटेवर आणलेलं. जालना जिल्ह्यात कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाला भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाठीला जखम तर नाही ना झाली? खांद्याचं कुणी विचारत नाही.

त्याला इतिहास आहे. १९४४ मध्ये इंग्लंडातल्या स्टोक मॅन्डेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी कक्ष उघडला. तोवर हे रुग्ण बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानेच जायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त गुटमननी लावली, आणि माणसं जगू लागली. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची, पुण्याजवळ खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. जालन्याचा रुग्ण मात्र बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातो आणि ऑपरेशनचे टाके निघाले की घरी येतो. कूस कशी बदलायची, हे मग घरच्या घरीच शिकायचं.

माणसं पुढे वीस-तीस वर्षं जगली, तेव्हा खांदे बोलू लागले. १९७९ च्या एका ब्रिटिश पाहणीत निम्म्या रुग्णांनी खांदेदुखी सांगितली. खांदे जपण्याची अमेरिकी मार्गदर्शिका यायला २००५ उजाडलं. हात चौफेर फिरावा म्हणून खांदा उथळ खोबणीत बसलेला. अंगाचा भार पेलणं हे खुब्याचं काम; पाय गेले की ते खांद्यावर येतं. तळवे टेकून धड उचललं की दंडाचं हाड वर चढतं आणि मधले स्नायूबंध चेमटतात. मनगट मागे मुडपून नस दबते, बोटांना मुंग्या येतात.

त्यात आपली खाट. नवार सैल पडून झोळ झाला की कूस बदलणं म्हणजे चढ चढणं. छताच्या कडीला बांधलेला दोर सोयीचा वाटतो, पण हात डोक्यावर नेऊन ओढल्याने खांद्याचे हाल वाढतातच. त्यापेक्षा खाली फळी, वर घट्ट गादी. हाताने एक पाय दुसऱ्यावर टाकायचा, दोन्ही हात समोर जोडून झोके घ्यायचे; दोन-तीन झोक्यांत कंबर आपसूक वळते. मग खालचा खांदा थोडा पुढे काढून घ्यायचा, त्याच्यावर थेट निजायचं नाही. इतकं साधं दाखवायला पाच मिनिटं पुरतात, तीही कुणी देत नाही.

खांद्याचा स्नायूबंध फाटला तर ऑपरेशन होतं, पण पुढे काही आठवडे त्या हातावर भार चालत नाही. चालता माणूस हात झोळीत घालून हिंडतो. इथे मात्र रात्री दोनला, चारला उठून आई नाहीतर बायको कूस देते, आणि तिचीही कंबर एव्हाना गेलेली असते.