नळाचे पाणी आणि शिसे: तपासणी कशी करावी?

मंडळी, इथे अमेरिकेत घर घेताना आपण शाळा पाहतो, कर पाहतो, व्याजाचा दर पाहतो. घर जुने असेल तर आणखी एक आकडा पाहावा: नळाच्या पाण्यातले शिसे. शिशाचे पाइप आणि शिशाचे सोल्डर यांवर १९८६ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या घरांत ते अजूनही असू शकतात. शिशाला चव नाही, वास नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधते. म्हणून बाळाचे दूध नळाच्या पाण्यात कालवत असाल, तर ही तपासणी टाळू नये.

मोजायचे किती? १९९१ च्या नियमाप्रमाणे लिटरला १५ मायक्रोग्रॅम ही पाणीपुरवठा खात्याने उपाय सुरू करण्याची मर्यादा ठरली. २०२४ च्या नियमाने ती १० वर आणायचे ठरले. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! मात्र ही मर्यादा म्हणजे निर्धोकपणाची हमी नव्हे. आरोग्याच्या दृष्टीने उद्दिष्ट शून्यच आहे.

इतके सूक्ष्म मोजमाप असल्याने नमुना नीट घेणे महत्त्वाचे. बाटली प्रयोगशाळेचीच वापरावी, घरातली लोणच्याची बरणी नको. किमान सहा तास घरात पाणी वापरू नये. रात्रभर थांबून पहाटे घेणे सोयीचे. नळाची जाळी काढू नये आणि थंड पाण्याचा पहिलाच लिटर भरावा. त्यात नळ आणि जवळच्या जोडांतले शिसे कळते. रस्त्यापासून घरात येणारा पाइप शिशाचा असल्याची शंका असेल, तर पाचवा लिटरही वेगळा भरावा.

प्रयोगशाळेत नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे बाटलीला चिकटलेले शिसे सुटते. मग पाण्याचा फवारा हजारो अंश तापलेल्या आर्गॉन वायूत सोडून विद्युतभारित झालेले अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजतात. सोबत शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही तपासतात. त्यात शिसे सापडले तर दोष मोजणीचा, तुमच्या नळाचा नव्हे.

खर्च साधारण २० ते १०० डॉलर. काही गावांत पाणीखाते फुकट तपासून देते, आधी तिथे विचारावे. शिसे निघाले तर शिसे काढण्यासाठी प्रमाणित केलेला 'एनएसएफ ५३' फिल्टर बसवावा, स्वयंपाकाला थंड नळाचेच पाणी घ्यावे आणि मुलांच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. पाइप बदलण्याच्या खर्चाचा विचार त्यानंतर, आकडा हाती आल्यावर करावा.